चार्ज कुणाचा, कुणावर?

दिवाळीनंतर आत्याबरोबर तिच्या बँकेत गेलो होतो. तालुक्याचे गाव, दोन खिडक्यांची शाखा. पासबुक छापायचे यंत्र त्या दिवशी नेमके चालू होते. आत्याने छापलेले पान हातात घेतले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि एका ओळीवर बोट ठेवून खिडकीतल्या मुलाला विचारले, “हे सतरा रुपये सत्तर पैसे कसले रे बाळा?”

“मावशी, ते चार्जेस आहेत.”

“अरे हो, पण कसले?”

“एसएमएसचे चार्जेस. दर तीन महिन्यांनी लागतात.”

“आणि हे दोनशे छत्तीस?”

“तेपण चार्जेसच.” मुलाने स्क्रीनकडे पाहिले, डोके खाजवले. “त्याचं साहेब सांगतील. पण साहेब रजेवर आहेत. आज चार्ज दुसऱ्या साहेबांकडे आहे, आणि ते जेवायला गेलेत.” मग टेबलावरचा मोबाइल उचलून शेजारच्याला म्हणाला, “तुझी पिन दे ना. हा चार्जच होत नाहीये.”

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “एवढं चार्ज चार्ज केलं त्यानं, पण पैसे कुणी घेतले आणि का, ते काही शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

तिची तक्रार पैशांची कमी आणि उत्तराची जास्त होती. मला ती बरोबर वाटली, कारण मी पोटापाण्यासाठी अनुवाद करतो आणि ‘चार्ज’ हा शब्द माझ्या रोजच्या भातातला खडा आहे. कर्जाच्या एका करारनाम्यात तो एकाच पानावर चार वेळा आला होता. पहिला चार्ज म्हणजे बँक घेणार ते पैसे. दुसरा म्हणजे तारण दिलेल्या जमिनीवर बसणारा हक्क. तिसरा ‘इन चार्ज’ अधिकारी. चौथा ‘डिस्चार्ज’ म्हणजे कर्ज फिटून मिळणारी मोकळीक. मी अनुक्रमे आकार, बोजा, प्रभारी आणि फेड असे चार शब्द लिहून पाठवले. संध्याकाळी फोन आला. “सर, सगळीकडे चार्जच ठेवा ना. लोकांना कळतं.”

लोकांना काय कळते? चार्ज म्हटल्यावर आपल्याला काहीतरी लागू झाले आहे, एवढे कळते. दवाखान्यात ताप लागला, बसमध्ये ऊन लागले, तसे बँकेत चार्ज लागले. कुणी लावले हे त्या वाक्यात नसतेच. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बोलताना चार्ज खुशाल म्हणा, मीही म्हणतो. पण ज्या कागदाने माणसाचा पैसा, जमीन किंवा अब्रू जाऊ शकते, त्या कागदावर हा शब्द एकटा सोडू नये. त्याच्या पोटातले जे अर्थ आहेत त्यांना मराठीत वेगवेगळी नावे आहेत, आणि त्या नावांचा फरक हा कुणी कुणाचे काय देणे लागतो याचा फरक आहे.

शब्दाची कुळकथा मोठी मजेदार आहे. गॉल लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या जुन्या टोळ्यांची, चाकांची गाडी होती. तिला ते जे म्हणत ते रोमनांनी उचलले आणि लॅटिनमध्ये ‘कारुस’ झाले. जेते असूनही त्यांनी जितांचा शब्द घेतला, कारण गाड्या जितांच्या चांगल्या होत्या. पुढे गाडीत माल भरण्याला ‘कारिकारे’ म्हणू लागले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्जे’सारखे काहीतरी झाले आणि १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत शिरले. मूळ अर्थ एवढाच: गाडीवर लादलेले ओझे. जहाजावरचा ‘कार्गो’ त्याच घरातला, स्पॅनिशमधून आलेला. ‘कॅरिकेचर’ हाही इटालियनमधून आलेला भाऊच, म्हणजे चेहऱ्यावर इतके लादायचे की तो हास्यास्पद व्हावा. आणि आपल्या दारातली कार तर थेट त्या गॉल गाडीची पणती.

एकदा ओझे म्हटले की पुढचे अर्थ आपोआप सुटतात. माणसावर कामाचे ओझे टाकले की ती जबाबदारी. जमिनीवर देण्याचे ओझे टाकले की ते तारण. ग्राहकावर पैशाचे ओझे टाकले की ती किंमत. कुणाच्या माथ्यावर अपराधाचे ओझे ठेवले की तो आरोप. तोफेत दारू ठासली की तोही चार्ज. तोफेतून तो विजेत कसा गेला हे पाहण्यासारखे आहे. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. बरणीत वीज भरण्याला त्याने बंदूक भरण्याचाच शब्द लावला, आणि अशा अनेक बरण्या जोडून मांडल्यावर त्या रांगेला म्हटले ‘बॅटरी’. तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणत ना, तसे. बँकेतल्या त्या मुलाचा न भरणारा मोबाइल म्हणजे तोफखान्याची दूरची आठवण आहे.

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीत जे एका गाडीने केले ते मराठीत बरेचसे ‘भार’ या शब्दाने केले. अधिकारी कार्यभार घेतो, पदभार सोडतो. मुख्याध्यापकाची जागा रिकामी असली की प्रभारी नेमतात आणि तो वर्षानुवर्षे प्रभारीच राहतो. करावर आणखी कर बसला की अधिभार. विज्ञानाच्या पुस्तकात अणूच्या केंद्रकावर धनप्रभार असतो. सभेचे वातावरण भारलेले असते. राज्याच्या अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके कुणी उघडत नाही, पण उघडलीच तर खर्चाच्या आकड्यांपुढे दोन शब्द भेटतात: ‘दत्तमत’ आणि ‘भारित’. दत्तमत म्हणजे ज्याला विधानसभेने मत द्यावे लागते तो खर्च. भारित म्हणजे जो संविधानानेच संचित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर, लादून ठेवला आहे तो: राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचे व्याज. त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. अनुच्छेद २०२ आणि २०३ मधला हा फरक ‘भारित’ या एका शब्दात किती नेटका बसला आहे! ओझे आधीच गाडीवर चढलेले आहे. तुम्ही फार तर त्याकडे बघून बोलू शकता.

आणि ‘बोजा’. माझ्या मते या सगळ्या कुटुंबातला सर्वांत कामाचा शब्द हाच. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये आहे आणि चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, फक्त ती मालमत्ता देण्यापोटी अडकून राहते. वकिलाला हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. शेतकरी म्हणतो, “बोजा आहे अजून.” त्याला हेही माहीत असते की सोसायटीचे पैसे फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकीचा दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे जायचे, नोंद कमी करून घ्यायची, आणि नवा उतारा हातात आल्यावरच घरी जायचे. तो शब्द गाडीच्या ओझ्यासारखाच वागतो. चढवतात, उतरवतात. ज्या अर्थासाठी इंग्रजीला गॉलपासून प्रवास करावा लागला तो अर्थ आपल्या बांधावर आधीपासून उभा आहे. तो काढून तिथे ‘चार्ज’ लिहा म्हणणाऱ्याने एकदा सातबारा हातात धरलेला नसावा.

पण पैशाच्या अर्थासाठी मराठीने भार घेतला नाही, ‘आकार’ घेतला, आणि तिथे गंमत आहे. विजेचे बिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. पुण्यात वाढलेल्या माझ्या भाचीने ते वाचून मला विचारले होते, “मामा, स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड शेप का?” हसू आले, पण दोष तिचा नव्हता. आकार म्हणजे रूप, हा अर्थ शाळेत शिकवतात. दुसरा कुणी शिकवत नाही. तो दुसरा अर्थ महसुलातला. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा बसवायची पद्धत सुरू केली. शेताच्या साऱ्याची ती आकारणी आजही सातबाऱ्यावर रुपये-पैशांत लिहिलेली दिसते. घरपट्टीची आकारणी होते, दंड आकारतात, रिक्षावाला जास्त भाडे आकारतो. क्रियापद जिवंत आहे, फक्त नाम कोपऱ्यात पडले आहे.

त्याच बिलात खाली ‘वीज शुल्क’ असते. आकार आणि शुल्क हे शब्द हौसेने बदललेले नाहीत. आकार वीज कंपनीकडे जातो आणि त्याचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. शुल्क राज्य सरकारच्या तिजोरीत जाते आणि ते विधिमंडळाच्या कायद्याने बसते. म्हणजे एकाच बिलात कुणाशी भांडायचे हे शब्दच सांगतो. बिल वाढले म्हणून आपण वायरमनला बोलतो ते सोडा. हे सगळे ‘चार्जेस’ या नावाखाली एक केले की आयोगापुढच्या सुनावणीत काय मागायचे आणि आमदाराला काय विचारायचे, दोन्ही हातचे जाते.

हॉटेलात तेच होत आले आहे. १९९४ साली केंद्राने सेवा कर आणला. २०१७ च्या १ जुलैला वस्तू व सेवा करात तो विलीन झाला. २०११ पासून वातानुकूलित हॉटेलांतल्या जेवणाच्या बिलावरही तो लागू होता. तेव्हापासून हॉटेलवाल्यांचा स्वतःचा ‘सर्व्हिस चार्ज’ बिलात सर्व्हिस टॅक्सच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि निम्मी गिऱ्हाइके दोन्ही सरकारचेच समजून मुकाट्याने देत राहिली. मीही दिला आहे. तो पैसा हॉटेलमालकाचा होता आणि देणे न देणे माझ्या मर्जीवर होते, हे मला फार उशिरा कळले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या: हा आकार बिलात आपोआप घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घालायचा नाही, सक्ती करायची नाही. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ च्या निकालात त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. ‘दुसऱ्या नावानेही घालायचा नाही’ हे लिहावे लागले, यावरून नावाची ताकद किती ते कळते. बिलावर पहिल्या दिवसापासून ‘मालकाची बक्षिसी’ असे छापले असते तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले असते का?

कुणी म्हणेल, हे शब्दांचे चोचले झाले, पैसे तर तेवढेच जातात. नाही जात तेवढेच. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जखात्यांबद्दल एक परिपत्रक काढले. हप्ता चुकला की बँका व्याजाच्या दरातच दंडाची भर घालत, आणि मग त्या दंडावर पुन्हा व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने सांगितले की यापुढे दंड घ्यायचा तर तो ‘पीनल चार्ज’ म्हणून वेगळा घ्या, ‘पीनल इंटरेस्ट’ म्हणून व्याजात मिसळू नका, आणि त्या दंडावर व्याज लावू नका. मराठीत सांगायचे तर दंडव्याज बंद, दंड-आकार चालू. एका नामाच्या बदलाने चक्रवाढ थांबली. आता असे पाहा की ज्याच्या खात्यावर हे घडते त्याच्या हातातल्या कागदावर दोन्हींना ‘चार्जेस’ म्हटले आहे. नियम त्याच्या बाजूचा आहे, पण तो मोडला गेला का हे त्याला कधी कळणार?

पैशापेक्षा अब्रूचा मामला नाजूक. माझ्या ओळखीच्या एका सरकारी कारकुनाला खात्याकडून ‘चार्जशीट’ मिळाली. प्रकरण होते परवानगीशिवाय काढलेल्या रजेचे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे विभागीय चौकशी सुरू करताना कर्मचाऱ्याला दोषारोप लेखी द्यावेच लागतात. त्याने उत्तर द्यायचे असते. त्यात पोलीस नाहीत, कोर्ट नाही. पण गावात बातमी गेली ती “अमक्यावर चार्जशीट झाली” एवढीच. चार दिवसांत त्याला अटक होणार होती, आठ दिवसांत तो जामिनावर होता, सगळे चहाच्या टपरीवर. त्याची बायको पाण्याला गेली की बायका गप्प व्हायच्या. चौकशी होऊन एक वेतनवाढ थांबली आणि संपले. गावाच्या लेखी तो अजून ‘केस’वाला आहे.

फौजदारी खटल्यातही हा शब्द दोन टोकांना वापरला जातो. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जे देतात त्याला आपण चार्जशीट म्हणतो. कायद्याच्या त्या कलमात हा शब्दच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७३ असो की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३, तिथे आहे तो पोलिसांचा ‘अहवाल’. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत हा अहवाल दिला नाही, की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे पोलिसांची धावपळ असते आणि वाहिन्यांची त्याहून जास्त. खरा ‘चार्ज’ नंतर येतो. न्यायाधीश अहवाल वाचतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आरोप निश्चित करतात. तथ्य दिसले नाही तर तिथेच आरोपीला सोडतात. याला इंग्रजीत ‘डिस्चार्ज’, म्हणजे ओझे उतरवणे, मराठीत दोषमुक्ती. पुढे पुरावे होऊन, साक्षी होऊन सुटला तर ती निर्दोष सुटका. पहिल्यात खटला चालवण्याइतकेही हाती नव्हते, दुसऱ्यात खटला चालून काही सिद्ध झाले नाही. बातम्यांत दोन्ही सरमिसळ छापतात, आणि खालच्या पट्टीवर तर ‘कोर्टाकडून डिस्चार्ज’ असे वाचून एका गृहस्थांनी मला विचारले होते, “तो ॲडमिट कधी झाला होता?”

इथे मात्र मराठीची बाजू डोळे मिटून घेता येत नाही. कार्यालयीन मराठीत चार्जशीटला ‘दोषारोपपत्र’ म्हणतात, आणि हा शब्द मूळ इंग्रजीहून जड आहे. त्यात ‘दोष’ आधी येतो, ‘आरोप’ मागून. वाचणाऱ्याच्या मनात पहिला शब्द रुततो. वर्तमानपत्रांनी ‘आरोपपत्र’ रुळवले हे त्यांचे पुण्यकर्म. त्याहून सरळ ‘तपासाचा अहवाल’ म्हटले तर कायद्याच्याही जवळ जाते, पण ते मथळ्यात फुसके वाटते, म्हणून कुणी लिहिणार नाही.

उलट ‘लाठीचार्ज’. इंग्रजी चार्जचा एक अर्थ घोडदळाने भरधाव चाल करून जाणे असा आहे. लाठी आपली, चार्ज त्यांचा, असा हा संकर भारतातल्या इंग्रजीत घडला. त्या शब्दात पोलीस पुढे धावतात एवढेच दिसते. लाठी कुणाच्या पाठीवर पडली हे दिसत नाही. मराठीत याला ‘लाठीमार’ म्हणतात. मार म्हटल्यावर मारणारा आला आणि मार खाणारा आला. म्हणूनच बहुधा सरकारी पत्रकात त्याच्यापुढे ‘सौम्य’ लावायची प्रथा पडली असावी, सौम्य लाठीमार, म्हणजे सौम्य भाजणे किंवा सौम्य बुडवणे यासारखे काहीतरी. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठ्या चालल्या आणि काही दिवसांत राज्याच्या गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. माफी मारल्याची मागतात, चार्जची कुणी मागत नाही.

यावरून मी भाषाशुद्धीवाल्यांच्या पंगतीला बसलो असे कुणी समजू नये. ती पंगत मोठी आणि मानाची आहे. शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आपण रोज वापरतो. पण मोबाइल प्रभारित कर असे मी घरात म्हणालो तर घरचे आधी मला ताप आहे का ते बघतील. मोबाइल चार्जच होतो, रिचार्जच मारतात, गाड्यांची चार्जिंग स्टेशनेच होणार. या ठिकाणी शब्द एकच अर्थ घेऊन येतो आणि कुणाचे नुकसान करत नाही. विहिरीच्या बाबतीत मात्र ‘रिचार्ज’ला ‘पुनर्भरण’ हा शब्द रानात रुळला, कारण त्यात भरणे आहे आणि पावसाचे पाणी विहिरीत भरताना शेतकऱ्याला ते डोळ्यांपुढे दिसते. शब्द जगतो तो असा. समितीने दिला म्हणून जगतो असे नाही. समितीने दिला म्हणून मरतो असेही नाही.

माझी कसोटी साधी आहे. कागदावरचा शब्द वाचून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: पैसा किंवा भार कुणाचा, कुणावर, आणि कशापोटी. ‘इंधन समायोजन आकार’ या कसोटीवर अर्धाच उतरतो. आकार चांगला, समायोजनाने घात केला. ‘इंधन महागल्याचा आकार’ लिहिले असते तर काय बिघडले असते? कार्यालयीन मराठी लिहिणाऱ्यांना साधे लिहिले की आपली पायरी उतरते असे वाटते, आणि त्या अवघड मराठीला कंटाळून माणूस ‘चार्ज’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजी शब्दाला आत घेणारे दार बहुतेक वेळा आपल्याच कोशकारांनी उघडे ठेवलेले असते.

आणि हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, हे ‘चार्ज’ ज्या देशातून आला तिथल्या इतिहासात सापडते. इंग्लंडच्या न्यायालयांत नॉर्मन विजयानंतर फ्रेंच चाले. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की खटले इंग्रजीत चालावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही आणि आपल्या बाजूने काय बोलले जाते, आपल्या विरुद्ध काय, हे पक्षकाराला समजत नाही. तो कायदा स्वतः मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! न्यायालयाचे दप्तर तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच राहिले. वकिलांनी फ्रेंच शब्द सोडले नाहीत, त्यातलाच एक हा चार्ज. आपल्याकडे जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, वकील अर्धे इंग्रजी बोलतो, आणि आरोपी मागच्या बाकावर बसून दोघांच्या तोंडाकडे पाहतो. आपल्यावर काय ठेवले आहे हे त्याला अजून नीट माहीत नसते.

बँकांना वेगळे काही करायला नको. पासबुकाची ओळ आता संगणक छापतो आणि त्याला मराठी अक्षरे येतात. ‘चार्जेस’ऐवजी ‘एसएमएस आकार, जुलै ते सप्टेंबर’ एवढे छापायला शाई थोडी जास्त लागेल. कर वेगळा दाखवला तर आणखी बरे: पंधरा रुपये बँकेचे, दोन रुपये सत्तर पैसे सरकारचे.

आत्याने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पासबुकाच्या समासात तिची पेन्सिल फिरलेली होती. साहेब जेवून आल्यावर ती पुन्हा एकदा एकटीच बँकेत जाऊन आली होती म्हणे. १७.७० पुढे लिहिले होते, ‘निरोपाचे’. खात्यात पैसे आले-गेले की मोबाइलवर निरोप येतो, त्याचे. प्रत्येक तिमाहीला निरोपाचे, निरोपाचे, निरोपाचे. आणि २३६ पुढे, ‘कार्डाचे’.

“एटीएम कार्डाचे वर्षाचे आहेत म्हणाले ते,” आत्या म्हणाली. “निरोपाचे ठीक आहेत, निरोप येतो खरा. पण कार्ड मी कधी घेतलंच नाही. मला काय करायचंय कार्ड? मी सही करून पैसे काढते.”

तिथेच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. विषय: न घेतलेल्या कार्डापोटी आकारलेली रक्कम परत मिळणेबाबत. चार्ज हा शब्द त्यात कुठे आला नाही. प्रभारी साहेबांनी अर्ज वाचला, एकदा आत्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. २३६ रुपये अजून जमा झालेले नाहीत. आत्या दर सोमवारी पासबुक छापून आणते.